पार्सलबाबूंची छोटी लाइन

“लेकरासाठी आहे जी.”

हे म्हणताना त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशावर जायचा. वैशाखातल्या गोंदियात, जिथे कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात लोळत पडतात, तिथे हा माणूस अंगातला काळा कोट काढत नसे. खिशावर हात, मान जराशी खाली आणि कानाच्या पाळ्या लाल. तुम्ही तिथे उभे असता तर तुम्हालाही वाटलं असतं की बाबू काहीतरी लपवतायत. लपवतच होते ते. पण काय लपवत होते, ते तुम्हाला सात जन्मांत ओळखता आलं नसतं.

आम्ही त्यांना पार्सलबाबू म्हणायचो. नाव होतं, चांगलं देवाचं नाव होतं, पण स्टेशनच्या क्वार्टरांत नावाला कोण विचारतं? आमचे हे टिकीटबाबू, कोपऱ्यावरचे तारबाबू आणि आमच्या भिंतीला भिंत लागून पार्सलबाबू. बायकांचंही तेच. मी टिकीटबाबूंची, ती पार्सलबाबूंची. तिला मी ताई म्हणायची. सडक अर्जुनीकडच्या पोवार शेतकऱ्याची लेक, हाडापेराने दणकट आणि तोंडाने फटकळ. माझंही तोंड काही कमी नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

ही जर्मनीबरोबरची दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, पण आमचा जिल्हा म्हणजे खरं तर स्टेशनच. मोठी लाइन नागपूरहून यायची आणि कलकत्त्याला जायची. छोटी लाइन बालाघाटवरून जंगलातून हलत-डुलत जबलपूरला जायची. सगळं बोलणंच लाइनचं. आणि ज्याच्याबद्दल कुजबुज असायची की घरी बायको असून दुसरीकडेही कुठे बाई ठेवलीय, त्याला आमच्याकडे म्हणत, “त्याची एक छोटी लाइनबी हाय.” ही थट्टा ध्यानात ठेवा. पुढे तिनंच घात केला.

तर पार्सलबाबू. असा कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही. आंब्याच्या दिवसांत पार्सल ऑफिसात करंड्यांची रास लागायची. करंडीच्या फटीतून बोटं घालून आंबा कसा काढायचा, ते तिथली शेंबडी पोरंही जाणत. बाबूंनी कधी आंब्याचा वाससुद्धा घेतला नसेल. सासऱ्यानं सडक अर्जुनीहून तांदूळ पाठवला, तर तो हमालांच्या हातून घरी न आणता आधी काट्यावर चढवला. सासऱ्याचा माणूस म्हणाला, “जावईबापू, घरचाच तर तांदूळ.” बाबू म्हणाले, “घरी गेल्यावर घरचा. इथं पार्सल.” हमाल त्यांना टरकून असत. फलाटावर हुंदडणारी पोरं त्यांचा कोट लांबून दिसला की पाण्याच्या टाकीमागे पळत.

पोरंबाळं नव्हती त्यांना. ताईनं सगळे उपास केले, नवस केले, जंगलातल्या कोण्या बैगा वैदूचा पालाही खाऊन झाला. शेवटी तिनंच त्यांना दुसरी करा म्हणून सांगितलं. तेव्हा ते चालायचं, त्यात कुणाला नवल वाटत नसे. नळावर बसून भांडी घासता घासता ती सांगायची, “मीच म्हणलं, आणा दुसरी. हळद मी लावतो तिले, माझ्या हातानं. तं काय म्हणाले? ‘मले नाही पाहिजे. तू आहेस ना.’” हे ती मला इतक्यांदा सांगे की माझं पाठ झालं होतं. गळ्यातलं डोरलं सोडलं तर तिच्या अंगावर तेवढाच एक दागिना होता, आणि तो ती बायकांत मिरवायची. मी म्हणते, का मिरवू नये?

आता सुरुवात कशी झाली ते सांगते. हे मला बाबूंनीच पुढे सांगितलं.

बाजारातल्या एका शेठजींचा खोका जबलपूरहून आला होता. हमालाच्या हातून निसटला आणि फुटला. आतून विलायती मोटारी निघाल्या. खेळण्यातल्या, बोटाएवढ्या. पत्र्याच्या चावीवाल्या मोटारी जत्रेत मिळायच्या, तशा नव्हेत. या धातूच्या ओतीव होत्या, एवढ्याशा असून हाताला जड लागणाऱ्या, रबराची चाकं, पुढे दिव्यांचे दोन बारीक टिपके. सगळ्या फलाटभर पसरल्या. त्यांतली एक गडगडत आली आणि बाबूंच्या बुटाला लागून थांबली.

बाबूंनी ती उचलली. बाकीच्या मोजून, निवडून खोक्यात भरल्या, पण ही हातातच राहिली. शेठजींना कळलं. “रख लीजिए बाबूजी,” ते म्हणाले. बाबू कसे फुकट घेतील? त्यांनी पाकीट काढलं. शेठजी हसून म्हणाले, “बच्चे के लिए होगी?”

भोवती हमाल उभे. त्यांना सगळं ठाऊक. बाबूंना “मला मूल नाही” असं चारचौघांत म्हणवेना, आणि “माझ्यासाठी हवी” असं तर मरताना पण म्हणवलं नसतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हो. लेकरासाठी आहे जी.”

शेठजी गेले. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं.

झालं. एकदा चव लागली की लागली. छोट्या लाइनवर एक म्हातारे गार्डसाहेब होते, मनाने फार भले. जबलपूरच्या छावणीत साहेबांच्या पोरांसाठी एक दुकान होतं, तिथून ते बाबूंना अधूनमधून एखादी मोटार आणून द्यायचे. एक निळी आली, एक ट्रक आला, दूधवाल्याची गाडी आली. गार्डसाहेबांनाही बाबूंनी सांगून ठेवलं होतं, लेकरासाठी आहे जी. गार्डसाहेब राहणारे दूरचे, त्यांना काय ठाऊक? ते आपले विचारायचे, “बच्चा खुश है?” आणि बाबू मान डोलवायचे.

या मोटारी घरी कधीच गेल्या नाहीत. पार्सल ऑफिसातल्या कुलपाच्या कपाटात राहिल्या. आणि तिथेच सगळं फसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं बाबू हमालांना पाहून आवाज खाली आणायचे, आणि आवाज खाली आला की हमालांचे कान वर व्हायचे.

“आली का?” बाबू गार्डसाहेबांना विचारायचे.

“आई है बाबूजी. पीलीवाली.”

“नाजूक असेल. नीट आणली ना?”

“अरे, सीने से लगाके लाया हूँ.”

आता सांगा, हे ऐकून हमालानं काय समजावं? घरी लेकरू नाही. खेळणी तर घेतात लेकरासाठी. घरी नेत नाहीत. छोट्या लाइनचा गार्ड येतो आणि दोघं कानात बोलतात. हमालानं हिशेब जुळवला. पार्सलबाबूंची छोटी लाइन आहे, बालाघाटला, आणि तिच्या पोटी एक लेकरूही आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली. आठ दिवसांत क्वार्टरांतल्या प्रत्येक चुलीपाशी त्या लेकराला नाकडोळे फुटले. कोणी म्हणे मुलगा आहे, कोणी म्हणे बापाच्याच वळणावर गेलाय.

एवढा कडक माणूस घसरला, याचा लोकांना आनंद झाला होता. हे मी आपलं सरळ सांगते. आमच्या ह्यांनासुद्धा. “बाबू मर्द निघाले हो!” असं हे मिशीत हसत म्हणाले. मी म्हटलं, “तुमची निघू द्या अशी छोटी लाइन, मग दाखवते मर्द.”

ताईला सगळ्यांत शेवटी कळलं. असंच असतं. नळावर तारबाबूंची बायको हंडा लावता लावता म्हणाली, “काऊन व ताई, बारशाले आमाले बोलावलं नाई?”

“कोणाच्या?”

“अवो, बालाघाटच्या लेकराच्या! ज्याच्यासाठी बाबू मोटारी घेतात!”

दोन बायका पदरात तोंड घालून हसल्या. ताईचा हंडा भरून वाहू लागला तरी तिचा हात नळाकडे जाईना. मी नळ बंद केला. तिने हंडा उचलला आणि घरी गेली. दुसरी कुणी असती तर झिंज्या उपटल्या असत्या. या बाईनं मान खाली घातली, ते मला बघवेना.

त्या दिवशी जेवायला वाढताना तिने नवऱ्याला सरळ विचारलं, “मोटारी कोणासाठी घेता जी तुमी?”

बाबूंचा घास हातात राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि इतक्या महिन्यांची जिभेला लागलेली सवय, तीच त्यांना नडली. “लेकरासाठी आहे जी,” ते बोलून गेले.

बायकोला! आपल्याच बायकोला!

ताईनं भाताचा चटू खाली ठेवला. “बरं,” म्हणाली. त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. भिंतीपलीकडून मला नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती धान पाखडत बसली होती. डोळे कोरडे. “विचारून केलं असतं,” ती सुपाकडे बघत म्हणाली, “तं हळद मीच लावली असती व. चोरून कायले? आन मी नळावर सांगत फिरत होतो, ‘तू आहेस ना’ म्हणाले म्हणून. किती हासल्या असतीन माय बाया.” तिला सवतीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी लाज होती ती मिरवलेल्या दागिन्याची. तो पितळेचा निघाला होता, आणि तो तिनं सगळ्यांना दाखवून झाला होता.

तिनं भावाला निरोप धाडला. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं कोहमाऱ्यावरून माहेरी जायचं ठरवलं. कायमची. मी म्हटलं, आत्ताच का नाही जात? तर म्हणाली, “लेकराईले बोजारा कोण देईन? त्याईनं काय केलं?”

तान्हा पोळा तुम्हाला ठाऊक असेलच. मोठ्या पोळ्याला बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर फिरतात. बाया नंदीला कुंकू लावतात आणि लेकराच्या हातावर खाऊ ठेवतात, त्याला बोजारा म्हणायचं. क्वार्टरांत सगळ्यांत भरघोस बोजारा ताईचा असे. ज्या घरात लेकरू नव्हतं, त्या घराच्या ओट्यावर सगळ्यांत मोठी रांग लागे.

पोळ्याच्या चार दिवस आधी मी पार्सल ऑफिसात गेले. माझ्या भावानं आमगावहून लोणच्याची बरणी पाठवली होती. दुपारची वेळ, फलाट सामसूम. दार लोटलेलं होतं. हाक मारणार तोच खिडकीतून मला ते दिसले, आणि माझा पाय तिथेच थांबला.

बाबू टेबलाशी गुडघ्यांवर बसले होते. हनुवटी टेबलाला टेकवलेली. डोळ्यांसमोर पिवळी मोटार. एका बोटानं ती कागदांवरून पुढे ढकलत होते, पाकिटांच्या मधून वळवत होते, आणि ओठांनी अगदी हळू आवाज करत होते, “भर्र्र...” दौतीशी येऊन मोटार थांबली. बाबूंनी तोंडानं भोंगा वाजवला. मग दौत बाजूला केली, माणसानं वाट द्यावी तशी.

एखाद्याला आंघोळ करताना पाहावं तशी मी शरमले. वाटलं, पावलं न वाजवता परत फिरावं. पण तेवढ्यात ताईचा तो सुपावर वाकलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी धाडकन दार उघडलं.

“भाऊजी! हे आहे तुमचं लेकरू?”

बाबू उठायला गेले, टेबलाला गुडघा आपटला, मोटार मुठीत घेऊन हात पाठीमागे नेला. चाळिशी उलटलेला माणूस! चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हा रडणार.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. खोका फुटल्यापासूनचं. कपाट उघडून दाखवलं. खोक्यातल्या पेंढ्यावर मोटारी ओळीनं निजवलेल्या होत्या. “काऊन आवडतात, मलेही समजत नाही वैनी,” ते म्हणाले. “हातात घेतली की बरं वाटते. ठेवून देतो म्हटलं तं दुसऱ्या दिवशी पुन्हा हात जाते.”

“अहो, मग घरी सांगा! ती तिकडे सवत आली म्हणून माहेरी निघालीय!”

“मालूम आहे.”

“मालूम आहे? आणि तुम्ही इथे भर्र्र करताय?”

त्यांनी मुठीतली मोटार खोक्यात नीट निजवली. मग म्हणाले ते शब्द मी विसरले नाही. “वैनी, छोटी लाइन आहे म्हणतात तं निदान माणूस म्हणतात मले. हमाल सलाम करून राहिले. हे कळलं तं पोट्टा म्हणतील. आन तिले कळलं तं... वांझोटी म्हणून तिनं इतकं आयकलं, वरून तिचा नवरा बाहुल्या खेळते म्हणतील. कोणत्या तोंडानं सांगू?”

मला राग आवरेना. शहाण्या माणसानं असं खुळ्यासारखं बोललेलं मला सोसत नाही. मी म्हटलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुमच्या मुठीत बायकोचा संसार चुरगळतोय! एवढी हौस होती तर सांगायचं होतं, तान्ह्या पोळ्याच्या रांगेत उभं केलं असतं पोरांबरोबर!”

बरणी घेतली आणि निघाले. ताईला सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण माझ्या तोंडून ऐकून तिला ते पटलं नसतं. तिला वाटलं असतं, नवऱ्यानं शेजारणीला मध्ये घालून थाप मारली. हे त्यांनीच सांगायला हवं होतं.

पोळा झाला. बाबू काही बोलले नाहीत. तान्हा पोळा उजाडला. ताईनं सामानाची ट्रंक भरून दाराआड ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ यायचा होता. तरी तिनं दुपारी लाडू वळले. संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, पोरांचे नंदी तोरणाखाली लागले, पूजा झाली आणि रांग क्वार्टरांकडे निघाली. ताई ओट्यावर सूप घेऊन बसली, बाजूला कुंकवाची वाटी. मी तिच्या शेजारी. समोर बायका, हमाल, ड्यूटीवरून सुटलेले बाबूलोक, सगळा मेळाच.

एकेक पोरगं येत होतं, ताई नंदीच्या कपाळाला कुंकू लावत होती, हातावर लाडू-फुटाणे ठेवत होती. मग लांबून हसण्याचा आवाज आला. आधी एक हसलं, मग चार, मग सगळे. मी मान उंच करून पाहिलं.

रांगेच्या शेवटी, नाक पुसणाऱ्या एका पोरामागे, पार्सलबाबू चालत होते. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. हातात दोरी. पार्सलच्या सुतळीतला एक धागा उसवून काढला होता आणि त्याच्या टोकाला ती बोटाएवढी पिवळी मोटार. खड्यांवर ती उलटत होती. उलटली की बाबू वाकायचे, सरळ करायचे, पुन्हा चालायचे. मान वर केली नाही त्यांनी. कान असे लाल की वाटावं, आता रक्त येईल.

“बाबूजी, बैल कहाँ गया?” एक हमाल ओरडला. “बैल बिक गया, मोटार ले ली!” दुसरा म्हणाला. आमचे हे तर पोट धरून हसत होते. मी डोळे वटारले, पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

बाबू ओट्यापाशी आले. थांबले. ताई त्यांच्याकडे, मग मोटारीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिली. आजूबाजूचं हसणं हळूहळू विरलं.

“हे कोणाचं?” तिनं विचारलं.

“लेकराचं.”

“लेकरू कुठं हाय?”

बाबूंनी दोरी खाली ठेवली. “हे काय,” ते म्हणाले, “तुझ्याम्होरं उभं आहे.” आणि त्यांनी पोरांनी पुढे करावी तशी ओंजळ पुढे केली.

ताईनं मोटार उचलली. उलटीसुलटी करून पाहिली. “हे? बालाघाटची ते हेच?”

“जबलपूरची आहे.”

“माय व,” ताई म्हणाली, “हळद लागूनच आली की हे!”

मोटारीच्या पिवळ्या रंगाकडे पाहून मला हसू आवरलं नाही. बाया हसल्या. ताईला मात्र हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं वाटीत बोट बुडवलं, मोटारीच्या बॉनेटवर कुंकू लावलं, नवऱ्याच्या ओंजळीत लाडू ठेवला आणि सूप तसंच टाकून घरात गेली. दार लोटून घेतलं. राहिलेला बोजारा मी वाटला.

सकाळी भाऊ आला. ताईनं त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच सर्व्हिस मोटारीत बसवून परत धाडलं.

तुम्ही म्हणाल, मग सगळं गोड झालं. कुठलं गोड! बाबू म्हणाले होते तसंच झालं. त्यांची ती जरब गेली ती गेलीच. पोरं टाकीमागे पळायची थांबली. आता ती त्यांच्या मागे चालायची, “भर्र्र” करत. हमाल तोंडावर हसत. नवे आलेले साहेबसुद्धा विचारायचे, “कौन सा? मोटारवाला?” बाबू फलाटाच्या मागच्या वाटेनं ये-जा करू लागले. आणि ताई दुपारच्या उन्हात नळावर जायची, कोणी नसताना. मला म्हणाली, “सवत असती तं चार बायाईत रडता तरी आलं असतं. हे कोणाले सांगू व? नवरा मोटारी खेळते म्हणून?”

पण मोटारी तिनं घरी आणवल्या. भिंतीतल्या देवळीत मांडल्या, वर पडदा टांगला. बाबू घरी नसताना ती त्या पुसायची. ती नळावर गेली की बाबू पडदा सारून बघायचे. एकमेकांसमोर कोणी त्या देवळीला हात लावला नाही. दोघांनाही लाज. भिंतीपलीकडून मला कधीतरी दुपारी ते हळू “भर्र्र” ऐकू यायचं आणि मग दाराची कडी वाजली की एकदम थांबायचं.

लढाई सुरू झाली आणि विलायती मोटारी यायच्या बंद झाल्या. गार्डसाहेबही रिटायर होऊन गावी गेले. आहे त्या मोटारींची रबराची चाकं चिकट होऊन झडली. मग त्यांच्या धातूलाच भेगा पडू लागल्या, काही न लागता, आपोआप. एक दिवस ताई पदराखाली झाकून एक मोटार घेऊन आली आणि तिनं दाराकडे बघत हळूच मला विचारलं, “अंगाले भेगा पडून राहिल्या व याच्या. खोबरेल लावू का?”

मी काय सांगणार? लाव म्हटलं.

स्वराज्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात पार्सलबाबू गेले. काट्यापाशी उभे होते, तिथेच बसले आणि मग उठलेच नाहीत. ज्या हमालानं “बैल कहाँ गया” म्हणून हाक मारली होती, त्यानंच त्यांना उचलून घरी आणलं. अंगातला कोट काढताना खिशात पिवळी मोटार निघाली. त्यानं ती कोणाला दिसणार नाही अशी मुठीत धरली आणि ताईच्या हातात नेऊन दिली.

क्वार्टर सोडावं लागणार होतं. ताई म्हणाली, तान्हा पोळा करून जातो. त्या वर्षी पोरांनी नंदीच्या शिंगांना तिरंगे बांधले होते. ती ओट्यावर बसली तशी कुंकवाची वाटी तिनं माझ्या हातात दिली. नंदींना कुंकू मी लावलं. सूप तिच्याकडे होतं, आणि सुपात लाडवांबरोबर मोटारी होत्या, तेल लावून चकचकीत केलेल्या. चाकं नाहीत, अंगाला भेगा. एकेकाच्या हातावर लाडू आणि एकेक मोटार ती ठेवत गेली. पोरं आनंदानं ओरडत पळत होती. पूर्वी हसलेल्या बाया समोरच उभ्या होत्या. कुणाचीच मान वर नव्हती, माझीही नव्हती.

सूप रिकामं झालं. शेवटी तारबाबूंचा धाकटा आला. त्याला मोटार उरली नव्हती. पण त्यानं ताईच्या मांडीशी ठेवलेली पिवळी पाहिली. बॉनेटच्या भेगेत जुनं कुंकू तसंच होतं.

“ती द्या ना.”

ताईनं ती झटकन उचलली आणि कमरेच्या ओच्यात खोचली. “हे नाई बाप्पा. हे लेकराचं हाय.”

“कोणाच्या लेकराचं?” पोरानं विचारलं. त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, या घरात लेकरू नाही.

ताईचा हात ओच्यावर गेला. मान जराशी खाली झाली, आणि पाहते तो तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आमच्या,” ती म्हणाली.